सगळं डेस्कटॉपवर आहे, सीमध्ये काही नाही

कॉम्प्युटर फॉरमॅटला दिला की दुकानातला मुलगा हमखास विचारतो, "काका, सीमध्ये काही ठेवायचंय का?" आणि तितकंच हमखास उत्तर मिळतं, "नाही रे, सीमध्ये काही नाही. सगळं डेस्कटॉपवर आहे."

इथेच घात होतो. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात विंडोज बसवलेलं असतं त्यातलाच, एक फोल्डर आहे. त्याचा पूर्ण पत्ता असा: सी ड्राइव्ह, त्यात 'यूजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात 'डेस्कटॉप'. कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर समोर येतो म्हणून तो वेगळा वाटतो, इतकंच. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज हे सगळे त्याचे शेजारी, एकाच वाड्यातले. सी पुसला की वाडाच गेला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातलं मशीन विंडोज ११ वर न्यायचा विचार असेल, किंवा सीची पट्टी लाल झाली असेल (म्हणजे जागा संपत आली असेल), तर कोणती फाइल कुठे जाते हे आधी नीट लावून घ्या. आणि 'यापुढे सगळं नीट डीमध्ये सेव्ह करायचं' असा नुसता निश्चय करू नका, तो चार दिवस टिकतो. प्रत्येक प्रोग्रामची 'सेव्ह' म्हणताना उघडणारी स्वतःची जागा असते, आणि बहुतेक प्रोग्राम मागच्या वेळी जिथे सेव्ह केलं तोच फोल्डर पुन्हा पुढे करतात. मुलीने काल एक्सेलमधून पेन ड्राइव्हवर फाइल टाकली असेल तर आज तुमचं घरखर्चाचं शीट त्याच पेन ड्राइव्हवर जायला निघतं. माणूस घाईत एंटर दाबतो. म्हणून जागा हाताने रोज ठरवायची नाही, सेटिंगमध्ये एकदाच ठरवून टाकायची.

आधी डिस्क किती आहेत ते पाहा

'माय कॉम्प्युटर'मध्ये (आता त्याला 'धिस पीसी' म्हणतात) सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह दिसले म्हणजे आत तीन डिस्क आहेत असं नाही. असेंबल करताना एकाच हार्ड डिस्कचे तीन भाग पाडून द्यायची पद्धत जुनी आहे. तसं असेल तर 'सीमधलं डीमध्ये कॉपी करून ठेवलंय, बॅकअप आहे' या वाक्याला अर्थ नाही. डिस्क बिघडली की तिन्ही एकदम जातात. फॉरमॅटपासून मात्र डी वाचतो, कारण फॉरमॅट एका भागाचा होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सर्रास एक समजतात.

खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. डावीकडे 'डिस्क शून्य' आणि कंसात सी, डी असं दोन्ही एकाच ओळीत दिसलं तर डिस्क एकच. 'डिस्क शून्य'मध्ये सी आणि 'डिस्क एक'मध्ये डी असं दिसलं तर दोन. खाली 'एसएसडी' (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) की 'एचडीडी' (नेहमीची हार्ड डिस्क) तेही लिहिलेलं असतं.

अलीकडच्या घरगुती मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी बरीच दिसते. विंडोजमध्ये २५६ चे २३८ आणि १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून हा फरक. त्या २३८ मध्ये विंडोज, ऑफिस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अपडेटचा पसारा असं सगळं बसवायचं असतं. तिथे लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागाच नाही. सीवर साधारण १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी हवी. ती नसली की अपडेट अर्ध्यात अडकतं आणि एसएसडीही मंदावते.

डीमध्ये काय, आणि कोणत्या नावाने

डीमध्ये थेट पसारा मांडू नका. एकच मोठा फोल्डर करा, त्याला 'घर' म्हणा, पण हे नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आतल्या फाइलींची नावं खुशाल मराठीत असू द्या, विंडोजला त्याचं वावडं नाही. पण वरच्या फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की काही जुने प्रोग्राम, विशेषतः जुन्या प्रिंटर-स्कॅनरसोबत आलेले, तो पत्ताच वाचू शकत नाहीत आणि 'फाइल सापडली नाही' म्हणून मोकळे होतात. विंडोजचं अकाउंट उघडतानाही हेच पाळा, कारण तिथे मराठीत नाव दिलं तर 'यूजर्स'मधला फोल्डरही मराठीत तयार होऊ शकतो आणि तो नंतर बदलणं कटकटीचं असतं.

त्या 'घर'च्या आत माणसागणिक एक फोल्डर: आई, बाबा, मुलगी. शिवाय एक 'कागदपत्रं' आणि एक 'फोटो' असे दोन सामाईक. एवढं पुरतं. सतरा फोल्डर करून ठेवले की कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी बसते आणि मग ती तिसऱ्याच ठिकाणी सापडते.

फोल्डर हलवण्याची खरी पद्धत

बरेच जण सीमधला डॉक्युमेंट्स फोल्डर कट करून डीमध्ये पेस्ट करतात आणि मग कुठला खरा, कुठला खोटा हा घोळ सुरू होतो. विंडोजमध्ये यासाठी वेगळी सोय आहे.

आधी डीमध्ये 'घर', मग 'बाबा', मग त्यात 'डॉक्युमेंट्स' असा रिकामा फोल्डर तयार करा. आता फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूच्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. वर 'जनरल', 'शेअरिंग', 'सिक्युरिटी' अशा टॅबांच्या रांगेत 'लोकेशन' नावाचा टॅब आहे. हा टॅब फक्त अशा खास फोल्डरांनाच असतो, तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डरला नसतो. त्यात सध्याचा पत्ता आणि खाली तीन बटणं: 'रिस्टोअर डीफॉल्ट', 'मूव्ह', 'फाइंड टार्गेट'. 'मूव्ह' दाबा, डीमधला तो रिकामा डॉक्युमेंट्स फोल्डर निवडा, 'अप्लाय' दाबा. जुन्या जागेतल्या सगळ्या फाइली नव्या जागी न्यायच्या का, असा प्रश्न येईल. 'येस' म्हणा. फाइली खूप असतील तर वेळ लागेल. मधे कॉम्प्युटर बंद करू नका, आणि वीज जायची शक्यता असलेल्या दिवशी हे काम काढू नका.

यानंतर कोणत्याही प्रोग्रामने 'डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह कर' म्हटलं की फाइल आपोआप डीमध्ये जाते. प्रोग्रामला काही शिकवावं लागत नाही. असंच डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओजचं करा. घरात तीन जणांची तीन अकाउंट असतील तर प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये शिरून वेगवेगळं करावं लागेल, एकदा केल्याने सगळ्यांचं होत नाही.

डेस्कटॉप हलवावा का? हलवता येतो, पण हार्ड डिस्कवर नेला तर लॉगिननंतर आयकॉन यायला किंचित वेळ लागतो. त्यापेक्षा डेस्कटॉपवर फाइलच ठेवू नये. फाइल डीमध्ये ठेवा आणि डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट: फाइलवर राइट क्लिक, 'सेंड टू', मग 'डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट'. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असला की तो शॉर्टकट. बाण नसेल तर खरी फाइल तिथेच, म्हणजे सीमध्ये बसली आहे.

'मूव्ह' करताना तीन चुका होतात आणि तिन्ही निस्तरायला त्रास होतो.

पहिली, नवी जागा म्हणून नुसता डी ड्राइव्ह निवडणं. आत फोल्डर न करता थेट 'डी' दिला की विंडोज अख्ख्या ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्स समजतं. मग डीमधलं सगळं डॉक्युमेंट्समध्ये दिसतं आणि मागे फिरायचं म्हटलं तर 'रिस्टोअर डीफॉल्ट' नीट चालेलच असं नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, हात घालायची वेळ येते. म्हणून रिकामा फोल्डर आधी, 'मूव्ह' नंतर.

दुसरी, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स दोन्हींना एकच फोल्डर देणं. दोन्ही एकजीव होतात, आणि नंतर पिक्चर्स वेगळा काढायला गेलात की विंडोज सगळंच उचलून न्यायला बघतं. असं झालंच असेल तर फाइली हलवायच्या का या प्रश्नाला 'नो' म्हणा, आधी पत्ता वेगळा करा आणि मग फोटो हाताने हलवा.

तिसरी, जागा म्हणून यूएसबीची बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह देणं. डिस्क काढून ठेवली की दुसऱ्या दिवशी 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल'. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून तिचं अक्षर ई ऐवजी एफ झालं तरी तेच. या खास फोल्डरांना कायम आत बसलेली डिस्कच द्यायची.

'यूजर्स' अख्खा उचलून डीमध्ये नेण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतील. ते करू नका. तसंच 'अ‍ॅपडेटा', 'प्रोग्राम फाइल्स' आणि 'विंडोज' या फोल्डरांना हात लावायचा नाही.

ढगात गेलेले डॉक्युमेंट्स

'लोकेशन'मधल्या पत्त्यात 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) हा शब्द दिसला तर थांबा. विंडोज ११ सेट करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट दिलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हच्या फोल्डरात वळवलेले असू शकतात. फुकटची जागा ५ जीबी. फोनमधले फोटो एकदा पिक्चर्समध्ये टाकले की ती संपते आणि मग जागा विकत घ्या म्हणून रोज आठवण येत राहते.

वनड्राइव्ह वाईट नाही, पण न सांगता चालू असणं वाईट. ठेवायचं तर समजून ठेवा, नको तर बंद करा. बंद करण्याआधी एक गोष्ट बघा: फाइलच्या बाजूला निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. हिरवी टिकली असेल तर डिस्कवर आहे. सगळ्या फाइली निवडून राइट क्लिक करा, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' म्हणा आणि सगळीकडे हिरवं होईपर्यंत थांबा. मग खाली घड्याळाजवळच्या ढगाच्या आयकॉनवर क्लिक, दातेरी चाकाचं चिन्ह, 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिथे तिन्ही बटणं बंद करा.

बंद केल्यावर डॉक्युमेंट्स उघडून लोक घाबरतात, कारण तो रिकामा दिसू शकतो. फाइली कुठेही गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात आणि तिथून तुम्ही त्या हाताने उचलायच्या. त्या उचलून झाल्या की मगच वर सांगितलेलं 'मूव्ह' करा. क्रम उलटा झाला तर दोन डॉक्युमेंट्स आणि दोन्हींत अर्ध्या-अर्ध्या फाइली.

प्रोग्रामागणिक जागा

ब्राउझरपासून सुरुवात करू. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'डाउनलोड्स', तिथे 'लोकेशन'समोर 'चेंज' आहे. डाउनलोड्स फोल्डर तुम्ही हलवला असेल तर क्रोम बहुतेक वेळा नवी जागा आपोआप घेतो, पण पूर्वी कधी हाताने बदललेली असेल तर तो जुन्या जागेलाच चिकटून राहतो. एकदा बघून घ्या. त्याच्याखाली 'प्रत्येक वेळी कुठे सेव्ह करायचं ते विचार' असं बटण आहे. ते चालू करा. घरातल्या डाउनलोड्सच्या उकिरड्यावर याहून सोपा उपाय नाही. फायरफॉक्समध्ये हेच 'जनरल'मध्ये खाली 'फाइल्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये मिळेल, एजमध्येही 'डाउनलोड्स'मध्ये.

मेलमधली फाइल हा मोठा सापळा. आउटलुकमध्ये आलेली एक्सेल फाइल थेट डबल क्लिक करून उघडली, तासभर आकडे भरले, कंट्रोल एस दाबलं आणि बंद केली, तर ते सगळं एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरात जातं. मेलमधली मूळ फाइल जशीच्या तशी राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीचंही असंच होऊ शकतं. नियम एकच: आधी 'सेव्ह अ‍ॅज', मग उघडायचं. वर्ड-एक्सेलमध्ये उघडल्यावर लक्षात आलं तर काहीही टाइप करण्याआधी एफ १२ दाबा, 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी येते.

वर्ड आणि एक्सेलमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जा. 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट' यावर खूण करा आणि 'डीफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'मध्ये डीचा पत्ता आहे ना ते पाहा. वर्डमध्ये केलं म्हणजे एक्सेलमध्ये झालं असं नाही, दोन्हीकडे वेगळं. तिथेच दर १० मिनिटांनी आपोआप नोंद ठेवायचं ऑटोरिकव्हर असतं, ते ५ वर आणा. सेव्ह न करताच बंद झालेली फाइल 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' (एक्सेलमध्ये 'मॅनेज वर्कबुक') यातल्या 'रिकव्हर अनसेव्ह्ड'मध्ये बऱ्याचदा सापडते. लिब्रेऑफिस असेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'पाथ्स'.

स्कॅनर: विंडोजचं साधं 'स्कॅन' अ‍ॅप फाइल पिक्चर्समधल्या 'स्कॅन्स'मध्ये टाकतं आणि जुनं 'फॅक्स अँड स्कॅन' डॉक्युमेंट्समधल्या 'स्कॅन्ड डॉक्युमेंट्स'मध्ये. एकाच स्कॅनरचे कागद दोन ठिकाणी सापडतात ते यामुळे. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन दाबून काढलेला स्क्रीनशॉट पिक्चर्समधल्या 'स्क्रीनशॉट्स'मध्ये जातो.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांची कामं घरून करणाऱ्यांसाठी टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) वेगळं. टॅलीप्राइमचा डेटा साधारणपणे सीमधल्या 'यूजर्स', 'पब्लिक', 'टॅलीप्राइम', 'डेटा' इथे असतो, प्रत्येक कंपनीचा आकडी नावाचा फोल्डर. तुम्ही डॉक्युमेंट्स हलवला तरी हा तिथेच राहतो आणि फॉरमॅटमध्ये नेमका हाच जातो. टॅली बंद करून अख्खा डेटा फोल्डर कॉपी करून ठेवा, किंवा टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि त्यासाठी डीचा पत्ता द्या.

'सिस्टम', 'स्टोरेज', 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज' इथे 'नवीन मजकूर कुठे सेव्ह करायचा' अशा अर्थाचं एक पान आहे. ते फक्त यापुढच्या फाइलींसाठी आहे, जुन्या तिथेच राहतात. शिवाय ते डीमध्ये स्वतःचे फोल्डर पाडतं. 'लोकेशन' टॅबची पद्धत केली असेल तर याच्या नादी लागू नका.

सातबाऱ्याचं नाव

दिंडोरी-निफाडकडे जमीन असलेल्या नाशिककरांच्या घरात सातबाऱ्याची पीडीएफ असतेच. ती '७/१२' या नावाने सेव्ह करायला गेलात तर विंडोज हरकत घेतं. तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, अपूर्णविराम म्हणजे कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठं दाखवणारे दोन कोन आणि उभी रेघ ही नऊ चिन्हं वर्ज्य. मग कुणी 'सात बारा' तोडून लिहितो, कुणी 'सातबारा', कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणी ७-१२. वर्षभराने शोधताना चारही शब्द घालून बघावे लागतात. घरात एक नाव ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. तारखेचंही तेच: १२/०४/२०२५ लिहिता येणार नाही, म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे छोटी आडवी रेघ. '२०२५-०४-१२ सातबारा गट क्रमांक अमुक'. नावानुसार लावल्या की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने बसतात. आकडे इंग्रजी टाका, देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले तर क्रम बिघडतो.

'कागदपत्रं' फोल्डरात वर्षाचे फोल्डर आर्थिक वर्षाचे करा, एप्रिल ते मार्च: '२०२४-२५', '२०२५-२६'. फॉर्म १६, घरपट्टीची पावती, विम्याचे हप्ते, वीजबिलं त्यात. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, पॅन यांना वर्ष नसतं. ते 'कायमचे' नावाच्या फोल्डरात, माणसाच्या नावाने सुरू होणारं नाव देऊन. दाखल्याच्या दोन प्रती ठेवा: एक पूर्ण स्पष्ट स्कॅन आणि एक लहान केलेली, कारण ऑनलाइन अर्जात ठरावीक केबीच्या आतलीच फाइल मागतात. लहान केलेलीच्या नावात 'लहान' लिहा. नाहीतर घाईत मूळ स्कॅनवरच लहान प्रत सेव्ह होते आणि चांगली गमावते.

मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणाऱ्याने पुस्तकांच्या पीडीएफ आपल्या फोल्डरात ठेवाव्यात, द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणाऱ्याने हंगामागणिक एक शीट करावं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली आतल्या मजकुरावरून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मराठी टायपिंगने, शोधता येत नाहीत, तिथे फाइलचं नावच तारतं.

फोल्डरात फोल्डर किती घालायचे? पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्राम अडतात. कॉपी अर्ध्यात 'नाव फार लांब आहे' म्हणून थांबते, ती यामुळे. तीन-चार पायऱ्या पुरे.

फोटो

फोटोंसाठी घटनेपेक्षा वर्ष आधी. 'फोटो', '२०१५', मग '२०१५-०८ सिंहस्थ'. २०२७ च्या सिंहस्थाला घरी पाहुणे येतील, सगळ्यांच्या फोनमधले फोटो एकत्र होतील, तेव्हा हे उपयोगी पडेल.

फोनमधून घेताना केबल लावून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' मध्ये 'कॅमेरा' इथे असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे अँड्रॉइड ११ पासून 'अँड्रॉइड', 'मीडिया' आणि मग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात आत दडलेले असतात. एकदम पाच हजार फोटो उचलू नका, या केबलवरच्या कॉपीला मधेच दम लागतो आणि किती आले, किती राहिले ते कळत नाही. तीनशे-चारशेच्या घासाने न्या. कट कधीच नाही, फक्त कॉपी. आयफोनवरून कॉपी करताना डिव्हाइस चालत नाही अशी चूक येत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'फोटोज'मध्ये तळाशी 'कीप ओरिजिनल्स' निवडा.

कॅमेऱ्याच्या फोटोत तो कधी काढला याची नोंद आत असते, म्हणून एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन'ने लावता येतो. 'डेट मॉडिफाइड'वर किंवा 'डेट क्रिएटेड'वर विसंबू नका, कॉपी केल्याच्या दिवशी 'क्रिएटेड' आजची होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ती आतली नोंद निघून जाते. त्याच्या नावात मात्र आठ आकडी तारीख असते, ती फोटो आल्याची, काढल्याची नव्हे.

कॉपी झाली की दोन्ही फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज' शेजारी-शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळली पाहिजे. 'साइज ऑन डिस्क' वेगळं असलं तरी हरकत नाही, ते डिस्कच्या मांडणीवर ठरतं. जुळल्यावरच जुनं पुसा. चार जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल तर तो एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. आतलं काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

सी साफ करताना

'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स'. इथे 'मागचं विंडोज' असं दहा-वीस जीबीचं काही दिसलं आणि नवं विंडोज नीट चालत असेल तर बेलाशक काढा. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर खूण करून 'रिमूव्ह फाइल्स' दाबलं की डाउनलोड्समधलं सगळं जातं, तुम्ही फोल्डर डीला नेलेला असला तरी. 'स्टोरेज सेन्स'मध्येही डाउनलोड्स १, १४, ३० किंवा ६० दिवसांनी पुसायचं असतं, ते 'नेव्हर'वर ठेवा.

फॉरमॅटच्या दिवशी

फॉरमॅटला देण्याआधी डेस्कटॉप, टॅलीचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ असलेल्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि त्यात डीही येतो. नवं विंडोज टाकल्यावर डी उघडताना ही की मागितली आणि ती नसेल तर डीमधलं सगळं डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही.

नव्या विंडोजला तुमचे फोल्डर डीमध्ये आहेत हे माहीत नसतं. पुन्हा 'लोकेशन', 'मूव्ह', तोच जुना फोल्डर. फाइली जागच्या जागी असतात. उघडताना परवानगी नाही असं म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. नवं अकाउंट विंडोजच्या लेखी वेगळा माणूस असतो, म्हणून ते विचारतं.

दुसरी प्रत

वेगळी बाहेरची डिस्क, आणि काम झालं की काढून ठेवलेली. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर सोबतच जाते. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नाही. 'फाइल हिस्टरी' कंट्रोल पॅनलमधून चालू करता येते. ती डेस्कटॉप आणि लायब्ररीतले फोल्डर, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे, डिस्क लावलेली असताना दर तासाला कॉपी करते. डीमधला सामाईक 'कागदपत्रं' फोल्डर मात्र तिला आपोआप दिसत नाही. त्यावर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' करा.

आणि एक प्रत घराबाहेर: सिन्नरच्या भावाकडे, ओझरच्या बहिणीकडे, कुठेही. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. नाशकात ज्या मूर्तीवरून पुराची उंची मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सीपीयू वर उचलतात, कपाटातली बॅकअपची डिस्क मात्र कुणाला आठवत नाही. ती डिस्क सहा महिन्यांनी परत आणा, ताजी करा आणि त्यातली एखादी जुनी पीडीएफ आणि एखादा व्हिडिओ दुसऱ्याच कॉम्प्युटरवर खरोखर उघडून बघा.